पोट खाली

दत्तोपंत खळदकर भित्रे होते, हे आधीच सांगून टाकतो. उज्जैनमध्ये हे कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी मलाच वेड्यात काढलं असतं. धिप्पाड देह, भरघोस मिशा, मनगटं अशी की घड्याळाचा पट्टा कधी पुरला नाही. घोड्याची जीभ डाव्या हाताने बाजूला ओढून उजवा हात थेट आतल्या दाढेपर्यंत घालायचे आणि त्याच वेळी टांगेवाल्याला त्याच्या मुलीचं लग्न ठरलं का ते विचारायचे. ग्वाल्हेर संस्थानात गुरांच्या डॉक्टरला सलोत्री म्हणत. संस्थान गेलं तरी जुनी माणसं त्यांना सलोत्रीजीच म्हणत राहिली. त्यांची हाक ऐकून उधळलेला सांडसुद्धा अर्धा वठणीवर येतो, अशी त्यांची ख्याती होती.

पण टेबलावर चार शेरांचं एखादं झिपरं कुत्रं आणून ठेवलं की या माणसाचे ओठ सुकायचे. दोनदा हात धुऊन व्हायचे, मग तिसऱ्यांदा. चष्मा काढून पुसायचा, परत घालायचा. कुत्रं शेपटी हलवत असायचं आणि डॉक्टरांच्या कपाळावर घाम.

मी त्या दवाखान्यात कारकून होतो. वाईहून नोकरीसाठी आलो, ते संस्थानं जाऊन मध्यभारत राज्य नुकतंच झालं होतं तेव्हा. दवाखान्याच्या पाटीवर 'ग्वाल्हेर' पुसून 'मध्यभारत' लिहिलेलं होतं आणि खालचं जुनं अक्षर पांढऱ्या रंगातून दिसत होतं. त्या काळात कचेरीतला प्रत्येक माणूस कशाला ना कशाला घाबरलेला असायचा. कुणाचं पद राहील, कुणाचं जाईल, सेवायादीत कोण वर चढेल, बदली कुठल्या जंगलात होईल. चार मराठी माणसं एकत्र आली की हाच विषय. दत्तोपंतांना यातल्या कशाचीच फिकीर नव्हती. पाच पिढ्या उज्जैनमध्ये काढलेलं घराणं, खापरपणजोबा शिंद्यांच्या पागेवर होते म्हणे. "गव्हर्मेंट बदलली म्हणून बैलाचे दात बदलतात काय?" असं म्हणून ते हसायचे. बदलीच्या नावानं आमच्या तोंडचं पाणी पळत असताना त्यांना भीती फक्त छोट्या कुत्र्यांची. नव्या माणसाला याची गंमत वाटली असती. मला वाटली नाही, कारण ती भीती कुठून आली ते मी पाहिलं होतं.

मला ते 'वाईकर' म्हणत. माझ्या मराठीचं त्यांना फार कौतुक, आणि त्यांच्या मराठीला मी हसायचो. ते म्हणायचे, "वाईकर, मी पाणी पिऊन राहिलो आहे, पाच मिनिट रुका." किल्लीला चाबी, आठवणीला ध्यान, आणि घाबरू नका म्हणायचं तर "घबरून जाऊ नका." मी हसलो की म्हणायचे, "हसा. ही मराठी पानिपताच्याही आधी इथे आलेली आहे, तुमची नंतर सुधारली." रागवायचे मात्र नाहीत.

मी येऊन तीन महिने झाले होते, तेव्हाचं आता सांगतो. ते सांगितल्याशिवाय हा माणूस कळायचा नाही.

रेल्वेच्या वसाहतीत मालतीबाई म्हणून राहायच्या. नवरा गार्ड, महिन्यातले वीस दिवस गाडीवर. मूलबाळ नाही. लग्न होऊन नाशिककडून आलेल्या, हिंदी येत नव्हती, बोलायला शेजारपाजार नव्हता. एका सरदारांचं घराणं शहरातलं बिऱ्हाड मोडून गेलं, तेव्हा त्यांच्या माडीवरची एक पांढरी, केसाळ, मांजराएवढी कुत्री मालतीबाईंकडे आली. चंपी तिचं नाव. दोन वर्षं ती आणि बाई, एवढाच संसार. चंपीच्या तोंडाला दुर्गंधी यायला लागली, हिरड्या सुजल्या, दात किटणाने पिवळे झालेले. मालतीबाई तिला घेऊन दवाखान्यात आल्या.

दत्तोपंतांनी तपासलं आणि सांगितलं, दोन दात काढावे लागतील आणि बाकीचे हिरडीच्या आतपर्यंत खरवडावे लागतील. जागं ठेवून हे होणार नाही, क्लोरोफॉर्म द्यावा लागेल. मालतीबाईंचा चेहरा उतरला. दत्तोपंत तेव्हा अगदी निर्धास्त होते, ओठबीठ सुकत नव्हते. म्हणाले, "बाई, घबरून जाऊ नका. उद्या दहाला आणा. फक्त एक ध्यान ठेवा, पोट एकदम खाली पाहिजे. बिलकुल खाली. नाही तर घात होतो."

"ठेवीन," मालतीबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या टांग्यातून आल्या. टोपलीत चंपी, आणि बाईंचा एक हात तिच्या पाठीवर घट्ट. हात अवघडून गेला होता तरी काढला नव्हता. दत्तोपंत मोरीपाशी हात धूत होते. पाठमोरेच विचारते झाले, "पोट खाली आहे ना?"

"हो, अगदी घरापासून. एकदाही उताणी होऊ दिली नाही."

पहिला 'हो' त्यांच्या कानावर गेला. पुढचं वाक्य नळाच्या आवाजात गेलं. पण मी दारातच उभा होतो. मी दोन्ही वाक्यं ऐकली, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मीही वाईचाच. खाली म्हणजे वर नव्हे ते. क्लोरोफॉर्म देताना कुत्र्याला पालथं ठेवत असतील, असंच मी धरून चाललो. उज्जैनमध्ये पाच पिढ्या राहिलेला मराठी माणूस 'रिकामं' असं म्हणत नाही, 'खाली' म्हणतो, हे मला तीन महिन्यांत कळलं नव्हतं. मालतीबाईंना दोन वर्षांत कळलं नव्हतं. त्यांनी चंपीला सकाळी नेहमीसारखा दूधभात घातला होता. चीरफाड व्हायची आहे, अंगात ताकद हवी, म्हणून थोडा जास्तच घातला होता.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. जाळीवर क्लोरोफॉर्मचे थेंब पडले, चंपी सैल झाली, आणि दात धरतात न धरतात तोच पोटातलं सगळं घशाशी आलं. दत्तोपंतांनी तिला उलटी धरली, घशात बोटं घातली, छाती दाबली. टेबलावर भाताची शितं पडली, चंपी पुन्हा हलली नाही. त्या शितांकडे पाहून त्यांनी मालतीबाईंकडे पाहिलं. मालतीबाई अजून म्हणत होत्या, "मी पोट खालीच ठेवलं होतं हो. खालीच ठेवलं होतं."

त्या क्षणी दत्तोपंतांना उमगलं. मी त्यांचा चेहरा पाहत होतो. माणसाला आपल्याच तोंडातला शब्द असा समोर पडलेला दिसावा, याहून वाईट मी काही पाहिलं नाही. चूक तुमची नाही, एवढं बाईंना सांगायलासुद्धा त्यांना आवाज फुटला नाही. ते मग त्यांनी चौथ्या दिवशी, रेल्वे वसाहतीत बाईंच्या घरी जाऊन, उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगितलं.

आणि मी? दारात उभं राहून ऐकलेलं वाक्य मी सात वर्षं त्यांना सांगितलं नाही.

त्या आठवड्यात त्यांनी क्लोरोफॉर्मची बाटली लोखंडी कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि चाबी माझ्या हातात दिली. "वाईकर, ही तुमच्यापाशी. मी मागितली तरी द्यायची नाही." मी ती जानव्याला बांधली. दर वर्षी सरकारी भांडारातून नवी बाटली यायची आणि जुनी सील न तोडता परत जायची.

त्यानंतर त्यांना एक खोडच जडली. कुणालाही काही सांगितलं की विचारायचे, "काय समजलात? मला सांगा." म्हशीच्या औषधाची पुडी दिली तरी शेतकऱ्याकडून तीनदा वदवून घ्यायचे. लोक वैतागायचे. आमचा कंपाउंडर रामलाल कपाळाला हात लावून म्हणायचा, "साब, यो स्कूल है के अस्पताल?" 'खाली' हा शब्द तर त्यांनी टाकूनच दिला. चष्मा खाली पडला तर "जमिनीवर पडला" म्हणायचे. घरीसुद्धा. त्यांच्या पत्नी माई मला एकदा म्हणाल्या, "यांना झालंय काय? काल म्हणाले, डबा बिनपिठाचा आहे."

गंमत अशी की याच भीतीने त्यांना शहरभर नाव मिळवून दिलं. बेहोश न करता कुत्र्याचे दात साफ करणारा डॉक्टर! भैरवगढच्या छापाच्या जुन्या चादरीचा तुकडा ते कोमट पाण्यात भिजवून घेत, कुत्र्याला त्यात लहान बाळासारखं गुंडाळत, फक्त तोंड बाहेर. मग मांडीवर घेऊन कानाशी पाढे म्हणायला लागायचे. साधे नव्हेत, पाव-अर्ध्याचे, पावकी-निमकीचे, एका सुरात. पावकी संपेपर्यंत कुत्रं सुस्तावायचं, निमकीला हत्यार दाताला लागायचं. नखाएवढे किटणाचे कपचे टपाटप पडायचे. चादरीचा लाल रंग थोडा कुत्र्याच्या हनुवटीला लागायचा, आणि नवा माणूस रक्त समजून किंचाळायचा. घरी बोटाला मलमल गुंडाळून रोज दात कसे पुसायचे, तेही ते शिकवत आणि प्रत्येकाकडून करून घेत. माधव नगरातल्या बायका टोपल्या घेऊन यायच्या. एक निवृत्त जहागीरदार आपल्या सपाट नाकाच्या कुत्र्याला दर दोन महिन्यांनी आणायचे. एकदा दात पाहून खूश होऊन म्हणाले, "डॉक्टरसाहब, मोती! बिलकुल मोती! आप तो दया के सागर हैं।"

ते गेल्यावर दत्तोपंत हत्यार धुवायला लागले. मग म्हणाले, "वाईकर, हे सगळं दिखावा आहे."

"म्हणजे?"

"जे दिसतं तेवढं मी खरवडतो. रोग हिरडीच्या आत असतो. तिथे जागेपणी हात घालता येत नाही, दुखतं, कुत्रं हलतं. वरून पांढरं केलं की मालक खूश. आत काय चाललंय ते मला दिसत नाही, आणि मी बघतही नाही." त्यांनी हत्यार पुसून ठेवलं. "मी घाबरतो म्हणून हे असं करतो. लोकांना वाटतं मी दयाळू आहे."

दाराशी ऐकलेलं ते वाक्य तेव्हाही माझ्या जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं. माझाही भित्रेपणाच तो, फक्त त्याला कुणी नाव ठेवत नव्हतं.

मालतीबाईंनी दोन वर्षांनी पुन्हा एक कुत्री पाळली. ठकी. तपकिरी, कान पडलेले, चंपीहूनही लहान. आणि ती घेऊन त्या आल्या त्या दत्तोपंतांकडेच. पाच वर्षं दर दोन महिन्यांनी ठकी चादरीत गुंडाळली गेली, पावकी-निमकी ऐकून गेली. दात लख्ख.

राज्यांची नवी रचना होऊन मध्यभारत मध्यप्रदेशात गेला, त्या सुमाराची गोष्ट. पाटी पुन्हा रंगवायला काढली होती आणि दाराशी नुसते दोन खिळे दिसत होते. बदल्यांच्या याद्या रोज येत होत्या. अशात एका सकाळी मालतीबाई ठकीला घेऊन आल्या. ठकीच्या उजव्या डोळ्याखाली सुपारीएवढी गाठ, तिच्यातून पू वाहत होता. चार दिवस तिनं अन्नाला तोंड लावलं नव्हतं.

दत्तोपंतांनी ओठ उचलून पाहिला. वरची मोठी दाढ शुभ्र होती. त्यांनी बोटानं दाबली, आणि ठकी अशी ओरडली की बाहेर बांधलेला बैल बिचकला.

"मुळं सडली आहेत," ते म्हणाले. "तीन मुळांची दाढ. मी पाच वर्षं वरून पांढरी करत राहिलो, आणि आतून..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग म्हणाले, "काढावी लागेल. नाही काढली तर विष अंगात भिनेल, पाचसहा दिवसांत जाईल. जागेपणी निघणार नाही. बाई, तुम्ही इंदूरला न्या. मी चिठ्ठी देतो. तिथे मोठे डॉक्टर आहेत."

मालतीबाईंनी ठकीला छातीशी धरलं. आवाज स्थिर होता. "इंदूरच्या डॉक्टरांना चंपी ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना भीती वाटणार नाही. तुम्हाला वाटेल. म्हणून तुम्हीच करा."

दत्तोपंत खुर्चीवर बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाईकर, चाबी."

मी जानव्यावर हात ठेवला. "तुम्हीच सांगितलं होतं, मागितली तरी..."

"ध्यानात आहे माझ्या."

तेव्हा मी ते सांगितलं. का तेव्हाच, ते मला आजही नीट सांगता येत नाही. कदाचित चाबी देण्याआधी हात स्वच्छ व्हावेत असं वाटलं असेल. मालतीबाईंच्या देखत सांगितलं, की त्या दिवशी मी दारात होतो, 'उताणी होऊ दिली नाही' हे मी ऐकलं होतं, आणि मलाही तेच खाली वाटलं होतं. विचारलं असतं तर चंपी वाचली असती.

मालतीबाईंनी डोळे मिटून घेतले. दत्तोपंत मला शिव्या देतील, निदान उठून जातील, असं वाटलं. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे तीन मराठी माणसं एका खोलीत होती." मग हात पुढे केला. मी जानव्याची गाठ सोडली.

"उद्या सकाळी," ते बाईंना म्हणाले. "आज दुपारनंतर तिच्या तोंडात काही जाता कामा नये. पाणीसुद्धा पहाटेपासून बंद. काय समजलात?"

"उपाशी," मालतीबाई म्हणाल्या. "उपाशी, उपाशी, उपाशी."

सकाळी त्या आल्या तेव्हा चेहरा पार सुकलेला होता. दत्तोपंतांनी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "काही दिलं नाही. मीही काही खाल्लेलं नाही."

रामलालनं क्लोरोफॉर्मची जाळी धरली. दत्तोपंतांनी मला बोलावलं. मी कारकून, माझं तिथे काय काम? ते म्हणाले, "दुसरीकडे कुठेही बघू नका. फक्त तिची छाती. हलली की 'हो' म्हणा. प्रत्येक वेळी. तुमचा आवाज आला नाही की मी हात थांबवीन. समजलात काय ते सांगा."

मी सांगितलं.

ठकी थोडी झटापट करून सैल झाली. तोंड उघडं राहावं म्हणून दातांच्या फटीत दोऱ्याचं रिकामं रीळ बसवलं, जीभ कापडात धरून बाहेर ओढली. मी म्हणत होतो, हो. हो. हो. हत्यार दाढेवर टेकलं तो आवाज अजून कानात आहे, ओलं लाकूड चिरावं तसा. पहिलं मूळ निघालं. हो. हो. दत्तोपंतांचा घाम टेबलावर टपटपत होता. दुसरं मूळ मोडलं, त्यांनी पुन्हा घेतलं. हो. हो.

आणि मग छाती हलली नाही.

मी वाट पाहिली. मला वाटलं हलेल. त्या एका क्षणात मी पुन्हा त्याच दारात उभा होतो, गप्प. मग मी ओरडलो, "नाही!"

दत्तोपंतांचा हात जागच्या जागी थांबला. "जाळी हटाव!" रामलाल मागे झाला. ठकीची निळसर पडलेली जीभ त्यांनी आणखी ओढली, तिला कुशीवर केलं आणि तळहाताने बरगड्या दाबायला लागले, सोडायला लागले. दाब, सोड. मालतीबाई भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, पदर तोंडात कोंबलेला. मी छातीवरून नजर हलवली नाही. दत्तोपंत अगदी हलक्या आवाजात काहीतरी पुटपुटत होते. देवाचं असेल असं मला वाटलं. कान दिला तर ते म्हणत होते, "उपाशी आहे, उपाशी आहे, घशात काही नाही, उपाशी आहे."

छाती हलली. इतकी बारीक की मला खात्री वाटेना. पुन्हा हलली.

"हो," मी म्हणालो. "हो. हो."

रामलालनं जाळीकडे हात नेला. दत्तोपंत म्हणाले, "नको. और नहीं। जितकी बेहोश आहे तेवढ्यात होईल." उरलेली दोन मुळं त्यांनी कशी काढली, मला माहीत नाही. मी छातीच बघत होतो. निघाली एवढं खरं, कारण बशीत चार तुकडे वाजले.

मग ती जागी होईना. पाऊण तास गेला असेल. दत्तोपंतांनी तिला टेबलावरून उचलून वऱ्हांड्यातल्या उन्हात चादरीवर ठेवलं आणि स्वतः शेजारी फरशीवर बसले. मिशा घामाने चिकटल्या होत्या. मालतीबाई पलीकडे बसल्या. मी विचारलं, "आता भीती नाही ना?"

"आहे," ते म्हणाले. "आता ही राहणार. असू दे."

रक्त थांबलं का ते बघायला त्यांनी ठकीच्या ओठात बोट घातलं. आणि ठकीनं डोळे न उघडता ते करकचून चावलं.

रामलाल धावला, "अरे साब, उँगली!" त्यांनी दुसऱ्या हातानं त्याला थांबवलं. बोट काढलं नाही. रक्त त्यांच्या मनगटावरून ओघळत होतं आणि तो सहा फुटी माणूस लहान पोरासारखा हसत होता आणि रडत होता. "बाई, बघितलं? चावून राहिली आहे! चांगली जोरात चावून राहिली आहे!" मालतीबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मी त्यांना पाहिलं ते शेवटचं. त्याच संध्याकाळी वडिलांच्या आजारपणाची तार आली म्हणून मी वाईला गेलो, आणि महिन्यानं परतलो तोवर त्यांची बदली पार बस्तरकडे झाली होती.

पण त्या सकाळी ते फरशीवर बसले होते, बोट ठकीच्या तोंडात. फाटकापाशी दोन बैलगाड्या आणि एक म्हैस खोळंबली होती. मी जाऊन गाडीवाल्यांना सांगितलं, थोडं थांबा, डॉक्टरसाहेबांना अजून वेळ आहे.